घाम एकाच घोड्याला का? मिनिएचर घोड्यांच्या चौकडीचं एक प्रकरण

हे प्रकरण चार मिनिएचर घोडे, एक चालक आणि मागच्या पायरीवर उभा राहणारा मी, अशा सहा जणांचं आहे. माणसांची ओळख झाकली आहे आणि घोड्यांची नावं दिलेली नाहीत. रंगावरूनच ओळखू: सब्जा (पांढुरका), कुमैत (तांबूस-तपकिरी), अबलख (चितकबरी) आणि काळा.

पार्श्वभूमी

चालक पन्नाशी ओलांडलेल्या. आठ वर्षं एका घोड्याची दोनचाकी हाकलेली, पुढे दोन वर्षं जोडी. हात हलका, आवाज शांत, घोड्यांवर जीव. मनात मात्र चौकडी होती: आघाडीला दोन, धुरेला दोन, आणि चारही लगाम एका मुठीत. साडेतीन महिन्यांनी एक प्रात्यक्षिक होतं. तिथे चौकडी घेऊन जायचं त्यांनी ठरवून टाकलं होतं.

मिनिएचर घोडा म्हणजे नेमका केवढा, हे नोंदणी कुठे आहे त्यावर ठरतं. १९७८ साली स्थापन झालेली अमेरिकन मिनिएचर हॉर्स असोसिएशन ३४ इंचांपर्यंतच्या घोड्याला मिनिएचर मानते, आणि उंची मोजते ती आयाळीचे शेवटचे केस जिथे संपतात तिथपर्यंत. दुसरी एक अमेरिकन नोंदवही ३८ इंचांपर्यंत जाते. तिथल्या गाडी हाकण्याच्या स्पर्धांत ९९ सेंटिमीटरपर्यंतच्या सगळ्यांना 'अतिलहान' या एकाच गटात घेतात. आमच्यातला सब्जा ९३ सेंटिमीटर, कुमैत ९२, अबलख ८६ आणि काळा ८७. अबलख घोडी, बाकीचे तिघे खच्ची केलेले घोडे. सगळे पाच वर्षांच्या पुढचे, एकट्याने गाडी ओढायला शिकलेले. सब्जा आणि कुमैत दोन वर्षं जोडीने चालत होते. अबलख आणि काळा यांची जोडी नवी, चार महिन्यांची.

धुरेचे घोडे म्हणजे गाडीजवळचे. दांडा त्यांच्या मधून जातो. गाडी वळवणं आणि रोखून धरणं हे काम त्यांचं. आघाडीचे घोडे फक्त ओढू शकतात. त्यांचे ओढपट्टे दांड्याच्या टोकाला अडकवलेल्या आडव्या दांड्यांना जोडलेले असतात, आणि मागे रेटून गाडी थांबवायला त्यांच्याकडे काहीच नसतं. चार-सहा बैलांचा नांगर ज्याने पाहिलाय त्याला हे वेगळं सांगायला नको. फरक एवढाच की तिथे आघाडीच्या बैलांशेजारी माणूस चालतो आणि इथे आघाडीचा घोडा चालकापासून दोन गाडीलांबी दूर असतो. मधे फक्त लगाम, चाबूक आणि आवाज.

वजनाचा हिशेब आम्ही आधीच केला होता. गाडी १२० किलो, चालक ७२, मी ६८. एकूण २६०. चारही घोड्यांचं वजन मिळून ३८० किलो. सपाट, कडक रस्त्यावर चाकाच्या गाडीसाठी घोड्याच्या वजनाच्या दीड-दोन पट ही ढोबळ मर्यादा बरेच जण पाळतात. आमचं ओझं एकपटही नव्हतं. कागदावर सगळं छान होतं. हाच हिशेब पुढे उलटून अंगावर आला.

अडचण

पहिल्या दोन फेऱ्या कुंपणाच्या आत झाल्या, फक्त चालत. तिसरी दुडक्या चालीची. तिन्ही वेळा एकच तक्रार: अबलख डावीकडे सरकते, मधेच मान वळवून मागे पाहते, एकदा तर जवळजवळ उलटी फिरली. चौकडीत आघाडीचा घोडा मागे फिरला की तो धुरेच्या घोड्यांसमोर तोंड करून उभा राहतो आणि सगळे पट्टे गुंततात. मोठ्या घोड्याला त्यासाठी जागा आणि दोन क्षण लागतात. मिनी एवढासा, जागच्या जागी फिरतो.

"ही घोडी आघाडीची नाहीच," चालक म्हणाल्या. मीही मान डोलावली. अबलख चपळ, कान सतत हलते, जरा खट्याळ. दोष तिच्यावर ठेवणं सोपं होतं.

चौथ्या फेरीला आम्ही बाहेर पडलो. पंचवीसेक मिनिटं झाल्यावर हलका उतार आणि डावं वळण आलं. गाडीने किंचित वेग घेतला. चालकांनी चारही लगाम एकदम आखडले. ब्रेक पायाशी होता, पण लगामांत गुंतलेल्या माणसाला पाय आठवत नाही. सब्ज्याने दोन-तीनदा जोरात मान उडवली. आघाडीची जोडी डावीकडे झुकली, तिचे ओढपट्टे सैल पडले. एवढ्याशा घोड्याचा सैल पट्टा त्याच्या गुडघ्याखाली लोंबतो. अबलखने डावं वळण घेतलं, मागचा भाग उजवीकडे गेला आणि तिचा उजवा मागचा पाय आतल्या पट्ट्यावरून पलीकडे पडला.

पुढचं मिनिटभर मला अजून तुकड्या-तुकड्यांनी आठवतं. चालकांचा "थांब" हा आवाज. ओरडणं नव्हे, रोजचाच, लांब ओढलेला. चारही घोडे थांबले. मी उडी मारून आघाडीच्या तोंडांपाशी. मोठ्या स्पर्धांत चौकडीच्या गाडीवर दोन मदतनीस सक्तीचे असतात, आमच्याकडे मी एकटा. रस्त्याने जाणारे एक भले गृहस्थ मदतीला धावले आणि त्यांनी अबलखच्या डोक्यावरचा साज काढायला हात घातला. "नको, हात लावू नका, नुसते समोर उभे राहा," असं मी जरा कडक स्वरातच म्हणालो. गाडीला जुंपलेल्या घोड्याच्या डोक्यावरचा साज कधीही काढायचा नसतो. कडियाळं, म्हणजे तोंडातली लगामाची लोखंडी सळई, गेलं की ताबा गेला, आणि झापडं गेली की इतका वेळ न दिसलेली गाडी एकदम पाठीशी दिसते. पट्ट्याच्या टोकाला झटक्यात सुटणारी कडी होती. ती उघडली, पाय मोकळा झाला. घोट्याच्या वर खरचटलं होतं, बाकी काही नाही. खिशात सुरी होती, पण पट्टा कापायची वेळ आली नाही.

आघाडीचे दोघे सोडले आणि त्यांना हाताने धरून मी पुढे चालू लागलो. मागून चालक सब्जा-कुमैतची गाडी पावलापावलाने घेऊन आल्या. परतताना मी दोनदा मागे वळून पाहिलं. सब्जा मान उडवतच होता. आघाडीला कोणी नव्हतं, उतार संपला होता, तरीही. हे मी पाहिलं आणि त्यातून काहीच काढलं नाही. गोठ्यात साज उतरवताना दुसरी गोष्ट दिसली: कुमैत छातीपासून मांड्यांपर्यंत भिजलेला आणि सब्जा जवळजवळ कोरडा. "सब्जा आळशी आहे," असं मी म्हणालोसुद्धा.

पहिला निर्णय, आणि तो चुकला

त्या संध्याकाळी ठरलं की अबलखला जरा कडक कडियाळं द्यायचं. साखळीचं, तरफ असलेलं. कारण सरळ वाटलं: घोडी ऐकत नाही, तर तिला ऐकायला लावू.

कुंपणाच्या आत दोन फेऱ्या झाल्या. अबलख आता मागे फिरत नव्हती. ती हनुवटी छातीला लावून, लगाम सैल सोडून पावलं मोजत होती. तिच्या पट्ट्यावर ताण नावाला नव्हता. वरवर पाहता घोडी 'सुधारली' होती. प्रत्यक्षात तिने पुढे जायचं सोडून दिलं होतं, आणि आघाडीच्या घोड्याला पुढे जायची हौस हाच एक गुण हवा असतो. बाकी सगळं शिकवता येतं. दुसऱ्या फेरीच्या शेवटी ती जुंपताना दोन पावलं मागे सरली. इतक्या दिवसांत पहिल्यांदा.

तिथे चालकांनी हात आखडता घेतला. हा या सगळ्या प्रकरणातला त्यांचा सर्वात चांगला निर्णय, असं मला वाटतं. प्रात्यक्षिकाला नऊ आठवडे उरले होते.

समोरचे पर्याय

आघाडीत अदलाबदल करणं हा पहिला: अबलख उजवीकडे, काळा डावीकडे. खर्च शून्य. पण कारण न कळता केलेली अदलाबदल म्हणजे पत्ते पिसणं.

दुसरा, अबलखला काढून काळ्याला एकटं पुढे ठेवायचं. धुरेला दोन आणि पुढे एक अशी तिघांची जुळणी. 'चौकडीच्या आधीची पायरी' म्हणून ती सुचवणारे बरेच भेटतात. मला ते पटत नाही. आघाडीला दोघं असले की ते एकमेकांना सरळ ठेवतात. एकट्याला शेजारी नाही, मधे दांडा नाही. आघाडीचा एकटा घोडा वाकडा जायला सगळ्या बाजूंनी मोकळा असतो. एकामागे एक दोन घोडे जुंपतात तेव्हाही हीच भीती असते. घोडे कमी म्हणजे काम सोपं असं नाही.

तिसरा, चौकडीचा नाद सोडून प्रात्यक्षिकाला जोडीच न्यायची. हा पर्याय चालकांना अपमानास्पद वाटत होता. म्हणून तो नीट चर्चेलाच आला नाही, आणि शेवटी तोच घ्यावा लागला. त्याबद्दल पुढे.

चौथा, कोणाला तरी विचारायचं. ओळखीत एक वयस्कर चालक होते. मोठ्या घोड्यांची चौकडी अनेक वर्षं हाकलेले, मिनींना 'खेळण्यातले घोडे' म्हणणारे. चालकांना त्यांच्याकडे जायचं नव्हतं. शेवटी फोन मीच केला, चालकांना न सांगता. हे बरोबर केलं का, याबद्दल आमच्यात अजून एकमत नाही.

काय सापडलं

ते आले, चहा नाकारला आणि म्हणाले, "चार नकोत. मागचे दोन जुंपा."

सब्जा आणि कुमैत जुंपले. पाहुणे गाडीत बसलेच नाहीत. शेजारून चालत राहिले आणि मधूनमधून वाकून ओढपट्ट्यांवर तळहात ठेवत राहिले. कुमैतचा पट्टा तारेसारखा ताठ. सब्ज्याचा बोटाने वर-खाली हलत होता. पन्नास पावलांनंतर म्हणाले, "ताई, हा पांढरा आळशी नाही. तुम्हीच त्याला मागे धरलाय."

मग त्यांनी दोन्ही घोडे शेजारी उभे करून दाखवलं. सब्ज्याची मान लांब, नाक पुढे काढून चालणारा. कुमैतची मान आखूड आणि उंच, नाक आत. छात्या एका रेषेत आणल्या की सब्ज्याचं तोंड कुमैतच्या तोंडाच्या पुढे येत होतं. पण आमचे लगाम दोघांना अगदी समान. म्हणजे तोंडं एका रेषेत आणि छात्या मागे-पुढे. सब्जा छातीपट्ट्याला पुरता टेकूच शकत नव्हता. टेकायला गेला की कडियाळं तोंडात रुततं, म्हणून मान उडवायचा. गाडी ओढत होता एकटा कुमैत, १०८ किलोचा. आघाडीची जोडी सैल आणि सब्जा मागे धरलेला असताना २६० किलोचं ओझं बहुतेक त्याच्याच छातीवर होतं. कागदावरचा एकपटीखालचा हिशेब त्याच्यासाठी अडीच पटीच्या जवळ पोचला होता.

जोडीचे लगाम कसे असतात हे इथे सांगायला हवं, कारण सगळी गोम तिथे आहे. हाताशी येतात दोनच लगाम, डावा आणि उजवा. डावा मुख्य लगाम डाव्या घोड्याच्या डाव्या कडीला जातो. त्याच्यावर बकलने अडकवलेली दुसरी वादी आडवी जाऊन उजव्या घोड्याच्या डाव्या कडीला लागते. उजव्या बाजूला याच्या आरशातलं चित्र. या आडव्या वाद्यांना आपण जोडवादी म्हणू. मुख्य लगामावर भोकं असतात आणि जोडवादीचं बकल त्यांवर पुढे-मागे करता येतं. ही भोकांची पद्धत बेनो फॉन आखेनबाख (१८६१–१९३६) या जर्मन चालकाने घडवलेल्या पद्धतीतून आली. मोठ्या घोड्यांच्या लगामावर साधारण ४ सेंटिमीटर अंतराने ११ भोकं असतात. आमच्या लहान साजावरही ११ होती, अंतर अडीच सेंटिमीटर. दोन्ही बकलं दोन वर्षं सहाव्या भोकात, म्हणजे मधोमध. साज आला तेव्हा ती तशीच होती आणि कोणी कधी हात लावला नव्हता.

त्यांनी सब्ज्याच्या तोंडाकडे जाणाऱ्या जोडवादीचं बकल (ते उजव्या मुख्य लगामावर असतं) घोड्याच्या दिशेने दोन भोकं सरकवलं. वादी लांब झाली. कुमैतकडे जाणाऱ्या जोडवादीचं बकल तेवढंच हाताच्या दिशेने ओढलं. एका बाजूला जेवढं दिलं, तेवढंच दुसऱ्या बाजूने घेतलं. हा नियम मोडला तर तोंडं एकमेकांजवळ तरी येतात नाहीतर फाकतात. आता हातातला डावा लगाम अर्ध्या मापाने सोडायचा आणि उजवा तेवढाच घ्यायचा. सब्ज्याला दोन्ही बाजूंनी कुमैतपेक्षा ५ सेंटिमीटर जास्त लगाम मिळतो आणि दोघंही सरळ चालतात.

"अरे, पण अबलखचं काय?" चालकांनी विचारलं.

त्यांनी आघाडीचे लगाम मागवले आणि ते कुठून जातात ते दाखवायला सांगितलं. आमच्या साजात ते धुरेच्या घोड्यांच्या कानाजवळच्या कडीतून, मग त्यांच्या पाठीवरच्या गादीवरच्या कडीतून हातापर्यंत यायचे. जुनी पद्धत, दिसायला देखणी. डावा लगाम सब्ज्याच्या कानाजवळून. सब्जा मान उडवणार, कडी उडणार, लगामाला हिसका बसणार, आणि तो हिसका जोडवादीमुळे आघाडीच्या दोघांनाही डावीकडे बसणार. उजवीकडचा काळा डावीकडे ढकलायचा. अबलखला तोंडात हिसका आणि बरगडीत धक्का, दोन्ही एकदम. ती मागे वळून पाहत होती, कारण मागून तिला कोणीतरी सतत हाक मारत होतं.

मी दोन्ही तळहातांनी तोंड झाकून घेतलं. कडक कडियाळं आठवलं.

पुढचे सहा आठवडे

पहिले दहा दिवस फक्त धुरेची जोडी. मोबाइल काठीला बांधून बाजूने आणि मागून चित्रण केलं. गाडीत बसून जे दिसत नाही ते चित्रात दिसतं. तिसऱ्या दिवशी सब्ज्याचा पट्टा ताठ झाला, पाचव्या दिवशी मान उडवणं जवळपास बंद. जवळपास म्हणतो, कारण माशा असल्या की तो अजूनही उडवतो.

अबलखला तिचं जुनं, साधं, मधे सांधा असलेलं कडियाळं परत दिलं. पण ती पुढे जायला तयार नव्हती. आठवडाभर तिला गाडीशिवाय, लांब लगामांवर, मागून चालत हाकली. मग हलकं टायर ओढायला दिलं. मग काळ्याबरोबर. दोन चुकीच्या फेऱ्यांची भरपाई करायला तीन आठवडे गेले.

आघाडीचे लगाम कानाजवळच्या कडीतून काढले आणि धुरेच्या घोड्यांच्या गळ्याजवळ लोंबत्या कड्या लावून तिथून नेले. मान हलली तरी लगाम फारसा हलत नाही. देखणेपणा थोडा कमी झाला, हे खरं.

चालकांच्या हाताचा सराव वेगळा झाला. लाकडी पट्टीला चार दोऱ्या आणि टोकांना वजनं बांधून त्या संध्याकाळी बसायच्या. डाव्या मुठीत आघाडीचा डावा लगाम तर्जनीवरून. तर्जनी आणि मधल्या बोटामधे दोन: वर आघाडीचा उजवा, खाली धुरेचा डावा. मधल्या बोटाखाली धुरेचा उजवा. वळण घेताना आघाडीच्या लगामाची छोटी घडी अंगठ्याखाली दाबायची, आणि धुरेच्या घोड्यांना क्षणभर उलट बाजूने धरून ठेवायचं, म्हणजे ते कोपरा कापत नाहीत. आघाडीने वळणावर ओढलं तर दांड्याचं टोक आत खेचलं जातं, म्हणून वळणापूर्वी त्यांचा ताण काढून घ्यायचा. पण सैल लोंबेल इतका नाही. 'ताण नाही आणि लोंबतही नाही' ही जागा या आकाराच्या घोड्यांत बोटभर रुंदीची आहे. चालकांना ती सापडायला महिना लागला.

पाचव्या आठवड्यात पुन्हा चौकडी. या वेळी दोन मदतनीस, फक्त सपाट जमीन, फक्त चाल, दहा मिनिटं. आधी धुरेचे जुंपायचे, मग आघाडीचे. सोडताना उलट.

आणि त्याच दिवशी एक गोंधळ केला. लगामांची नवी वाट आणि अबलख-काळ्याची अदलाबदल, दोन्ही एकदम. अबलख उजवीकडे गेली. ती सरळ चालली. कशामुळे, हे आता कधीच कळणार नाही. माझा अंदाज, अदलाबदलीची गरज नव्हती. चालकांचा अंदाज उलट आहे.

निष्पत्ती

प्रात्यक्षिकाच्या दहा दिवस आधी चौकडी सपाटीवर तीन किलोमीटर दुडक्या चालीने नीट चालत होती. मैदानाकडे जाणाऱ्या रस्त्यावर मात्र एक उतार होता, जवळजवळ त्या जुन्या उतारासारखा. चालकांनी दोन रात्री विचार केला आणि सब्जा-कुमैतची जोडीच नेली. बघायला आलेल्यांना फरक कळला नसता, पण त्यांना कळत होता. परतताना गाडीत त्या फारसं बोलल्या नाहीत.

महिन्याभराने, कोणी बघायला नसताना, त्यांनी चौकडी पाच किलोमीटर नेली. साज उतरवल्यावर मी चौघांच्या छातीवर आणि बगलेत हात फिरवून पाहिला. सब्जा आणि कुमैत दोघंही सारखेच ओले, पट्ट्याखालच्या ठशांसकट. आघाडीचे दोघं जेमतेम दमट. कुमैतच्या खांद्यावर आधीच्या दिवसांत घासून केस गेले होते, ते परत आले आहेत, जरा फिकट रंगाचे. अबलखच्या घोट्याची खूण गेली.

वेगळं काय करता आलं असतं

घामाचं मी पहिल्याच दिवशी बोलायला हवं होतं. म्हणजे बोललो, पण 'आळशी' हा शब्द वापरला आणि विषय संपवला. घोड्याला स्वभाव चिकटवला की साज तपासायची गरज उरत नाही. तीन घोड्यांच्या बाबतीत आम्ही हेच केलं: एक आळशी, एक खट्याळ, एक कष्टाळू. तिघांचेही स्वभाव खरं तर सहाव्या भोकात अडकलेल्या दोन बकलांचे होते.

जोडी दोन वर्षं 'चांगली' चालली, म्हणून तिच्याकडे पाहिलं नाही. जोडीत हा दोष खपून जात होता, कारण सब्ज्याच्या मानेला दुसरं कोणी बांधलेलं नव्हतं. चौकडीत तो दोष दांडा ओलांडून पुढे गेला. पुढे दोन घोडे लावायच्या आधी मागचे दोन पुन्हा पहिल्या दिवसासारखे तपासायला हवे होते.

अपघातानंतर परतीच्या वाटेवर उत्तर डोळ्यांसमोर चालत होतं. आघाडी सोडलेली, तरी सब्जा मान उडवतोय. तेव्हा आम्ही घाबरलेले होतो आणि घाबरलेला माणूस घटनेचा विचार करतो, घटनेच्या आधीचा नाही. त्या संध्याकाळी निर्णय घ्यायलाच नको होता. निदान एक रात्र जाऊ द्यायला हवी होती.

बाहेर पडताना एकच मदतनीस, ही सरळ चूक. चौथ्याच फेरीला उतार, ही दुसरी. ब्रेकचा सराव लगामांच्या सरावाबरोबरच व्हायला हवा होता. आता चालक उताराच्या आधी मोठ्याने "पाय" असं स्वतःलाच म्हणतात. घोड्यांनीही तो शब्द ओळखायला सुरुवात केली आहे असा माझा संशय आहे, कारण "पाय" म्हटलं की कुमैत कान मागे घेतो.

आणि फोनचं. त्यांना विचारून केला असता तर त्या कदाचित नाही म्हणाल्या असत्या. त्यांना न सांगता केला म्हणून त्या आठवडाभर माझ्याशी तुटक बोलत होत्या. माझ्या मते दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत.

तो जुना उतार अजून राहिला आहे. चौकडी तिथे पोचली की मी आणि दुसरा मदतनीस खाली उतरतो आणि आघाडीच्या दोन्ही बाजूंनी चालतो, हात न लावता. अबलख आता त्या वळणावर मान सरळ ठेवते, फक्त डावा कान एकदा मागे जातो. पुढच्या वेळी आम्ही गाडीवरच थांबावं असं चालक म्हणतात. मी म्हणतो, अजून दोन फेऱ्या.